शेपटीकडून दुसऱ्या ताऱ्याशेजारी

काकूंचं बोट फार गार असायचं. वैशाखातसुद्धा. तुळजापूरच्या दगडी भिंती दिवस मावळून गेला तरी तव्यासारख्या तापलेल्या असत, आणि अशा वेळी काकू मागून येऊन तुमच्या हनुवटीखाली एक बोट लावत, तोंड उत्तरेकडे उचलत आणि कानाशी विचारत, "दिसायली का?"

काय, ते त्या सांगत नसत. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं.

मुलांनो, तुमच्याकडे सप्तर्षी आमच्यापेक्षा बरेच वर दिसतात, असं तुमच्या बाबाने कळवलं आहे. मग तुम्हाला सोपं जाईल. हे वाचून झालं की बाहेर जा आणि त्या सात ताऱ्यांची शेपटी शोधा. शेपटीच्या टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ. त्याच्या अगदी अंगाला लागून एक बारीक ठिणगी आहे, ती अरुंधती. तिच्यावर एकदम डोळे रोवले तर ती कधी कधी विझल्यासारखी होते, आणि नजर जरा बाजूला सरकवली की परत येते. फिक्या ताऱ्यांचं असंच असतं. डोळ्याच्या मधल्या भागापेक्षा कडेच्या भागाला अंधुक उजेड जास्त कळतो, एवढंच त्याचं कारण.

आमच्याकडे लग्न लागल्यावर नवरीला ही अरुंधती दाखवतात. वसिष्ठाची बायको, त्याला सोडून कधी न गेलेली. आणि याच ताऱ्याबद्दल आणखी एक समजूत आहे. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांत जातो. मंगळाष्टकं आणि मरण एका ठिणगीला कुणी बांधून ठेवलं, मला माहीत नाही. काकूंच्या बाबतीत मात्र ती दोन्ही एकाच संध्याकाळी आली. क्रमाने सांगते.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि जिल्हा नुकताच मुंबई राज्याला जोडला होता. तुमच्या आजोबांना तहसिलीत जुने उर्दू कागद मराठीत उतरवायचं काम मिळालं, आणि मला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं. देवळाच्या मागच्या उतारावर आम्ही दोन खोल्या घेतल्या. आमचं आणि शेजारच्यांचं माळवद एकच होतं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मधे गुडघ्याएवढी भिंत. भिंतीपलीकडे काकू आणि बुवा.

बुवा भिक्षुकी करायचे. लग्नं लावायला बैलगाडीने ढोकीपर्यंत जायचे, आणि काकू बरोबर असायच्या, कारण बुवांना अरुंधती दाखवण्याइतका धीर नव्हता. लग्न बहुधा दुपारी लागायचं. मग ते पंचा खांद्यावर टाकून भर उन्हात आकाशाकडे हात करत, "दिसली म्हण गं पोरी, पंगत बसायची आहे." पोरगी "दिसली" म्हणायची. काकूंना हे मंजूर नव्हतं. त्या मांडवात थांबायच्या. तिन्हीसांज उलटून तारे नीट उमटले की नवरीला अंगणात न्यायच्या, हनुवटीखाली बोट लावायच्या.

"आधी मोठा बघ. बघितलास? आता त्याच्या खांद्याला बघ. घाई नको. दिसायली का?"

"दिसली."

"खरं सांग."

"दिसली की हो काकू."

मग काकू त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. आकाशाकडे त्या बघत नसत. मी हे पहिल्याच लग्नात टिपलं होतं, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

गल्ली काकूंना थोडी भ्यायची. एक तर त्या माणूस हाताच्या अंतरावर येईपर्यंत ओळख दाखवत नसत. आरपार बघत, जणू तुमच्या मागे कुणी उभं आहे. दुसरं म्हणजे शिंप्याचं प्रकरण. आम्ही येण्याआधी एका संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला सहज विचारलं होतं. तो बटण लावत होता. वर बघून म्हणाला, "न्हाई बा काकू, आज काय दिसंना." दसऱ्याच्या आत तो तापाने गेला. तेव्हापासून अंधार पडल्यावर गल्लीतले पुरुष टोपी कपाळावर ओढून खाली बघत चालत. पोस्टमन तर भर दुपारी, काकू दिसल्या की लांबूनच हात वर करायचा, "दिसली काकू, दिसली."

"आत्ता? उन्हात?"

"मला दिसतीया. तुमी घरात जावा."

आम्ही हसायचो. पण रात्री जेवणानंतर माळवदावर बसलं की मीही एकदा हळूच शेपटीचा दुसरा तारा बघून घ्यायची. तुमच्या आजीने विज्ञानाची पुस्तकं वाचलेली होती, तरी बघून घ्यायची.

त्यांची आणखी एक सवय होती. रोज दिवेलागणीला, तुळशीपुढे दिवा ठेवून झाला की, काकू उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि रिकाम्या गल्लीकडे तोंड करून बेताच्या आवाजात म्हणायच्या, "मी इथं आहे हो."

पहिल्यांदा मला वाटलं, बुवांना हाक मारत असतील. पण बुवा आत पाटावर बसलेले मला खिडकीतून दिसत होते. एकदा मी विचारलं, "काकू, कुणाला सांगता?"

"कुणाला न्हाई. वाट चुकू नये म्हणून."

"कुणाची?"

त्या हसल्या आणि मला ओंजळभर चिंचा दिल्या. तेवढ्यावर बोलणं संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तुमचे आजोबा माळवदावर चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते. त्यांचा चष्मा जाड होता, त्याशिवाय त्यांना स्वतःच्या चपला सापडत नसत. काकू भिंतीपलीकडून आल्या आणि सवयीने विचारून बसल्या, "दिसायली का?"

आजोबांनी उघड्या डोळ्यांनी वर बघितलं. "छे. मला तर सातही दिसत नाहीत. सात ठिकाणी धूर दिसतो."

काकूंच्या हातातला तांब्या खाली पडला. आजोबा घाबरले, चष्मा चढवला आणि घाईने म्हणाले, "दिसली, दिसली. ही काय, स्पष्ट आहे."

काकूंनी विचारलं, "धूर म्हणालाव ना? सात ठिकाणी?"

"हो."

"आणि चष्म्यानं त्या एका धुराचे दोन तारे होतात?"

"दोन होतात."

त्या जिना उतरून गेल्या. तांब्या तिथंच राहिला. मी तो सकाळी नेऊन दिला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, मी त्यांच्या घरातलं काहीतरी बघितलं आहे आणि ते काय हे मला अजून ठाऊक नाही.

भाद्रपदात बुवा आजारी पडले. आधी खोकला, मग ताप, मग अन्नावरची वासनाच गेली. वैद्यांचा काढा झाला, सरकारी दवाखान्यातलं औषध झालं. काकू रात्रंदिवस उशाशी बसून असत. फक्त दिवेलागणीला उठून उंबऱ्यात येत. आता ते वाक्य त्या बेताच्या आवाजात म्हणत नव्हत्या. "मी इथं आहे हो. इथं. हेच घर. मी." समोरच्या घरातली बाई आपल्या लेकरांना आत ओढून दार लावून घ्यायची.

एक दिवस शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. बुवांना झोप लागली होती. काकू दारापाशी वाती वळत बसल्या होत्या. कापूस डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"बाई, माझ्या लग्नात मी नऊ वर्षांची होते. गोरज मुहूर्त होता. सासऱ्यांनी मला अंगणात नेलं आणि म्हणाले, दिसली का? मला काहीच दिसंना. नुसता धूर. मी गप्प. सासूबाई मागून म्हणाल्या, दिसली म्हण, समदे ताटकळलेत. मी म्हणलं, दिसली."

"मग?"

"मग काय. ज्याला दिसत न्हाई त्याला सहा महिने. मला माहीत होतं, आईनं सांगितलं होतं. मी रोज मोजायची. सहा महिने भरायच्या आत सासूबाई गेल्या. धडधाकट बाई. अरुंधती आल्ती मलाच न्यायला, पण मी खोटं सांगितलं ना, मग तिला कळंना कोण ते. जी पुढं सापडली तिला नेलं."

मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मग माझी दोन लेकरं. एक पाळण्यातलं, एक चालतं. दर खेपेला येते, आणि दर खेपेला पत्ता चुकते. म्हणून रोज सांगते बाई, की मी इथं आहे. तरी ऐकत न्हाई. आता घरात राहिलंय कोण?"

आतून बुवांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

मी शाळेत मुलींना शिकवायची तशी त्यांना नीट समजावून सांगू लागले. ऱ्हस्वदृष्टी म्हणजे काय, सासूबाईंना कॉलरा कसा झाला असेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पोरींना दिसते का खरंच? का त्याही माझ्यासारख्याच म्हणतात?"

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं त्या नवरीमुलींच्या तोंडाकडे का बघत होत्या. काकूंनी त्यातल्या एकीवरही विश्वास ठेवला नव्हता. त्यांच्या मते मांडवातली प्रत्येक पोरगी खोटं बोलून सासरी जात होती, आणि गावातली प्रत्येक अवेळची मयत त्या खोट्याची होती. असं गाव मनात घेऊन त्या रोज पाणी भरत होत्या, दळत होत्या, आम्हाला चिंचा देत होत्या.

"मला चष्मा करून द्या," त्या म्हणाल्या. "मला एकदा खरं बघायचंय. मग तिनं काय करायचं ते करावं. पण माझं माझ्यापाशी. ह्यांच्यापाशी न्हाई."

बुवा जागे झाले होते. आतून क्षीण आवाज आला, "चष्मा? हिला? मग शाळेतच घाला की बाई, पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसंल."

"तुम्ही सांगा," काकू उठून आत गेल्या. "चष्म्यातून बघितलेली चालते का?"

बुवा खोकले आणि म्हणाले, "शास्त्रात चष्म्याला बंदी लिहिलेली माझ्या बघण्यात न्हाई."

मी त्यांना एसटीने घाट उतरून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि माझ्यावरच रागावले, की बाईंना इतकी वर्षं असंच कसं ठेवलं. चष्मा तयार होऊन आला तो दिवाळीच्या सुमारास. काकूंनी तो घालून पहिल्यांदा गल्ली बघितली. समोरच्या भिंतीतले दगड सुटे सुटे दिसतात, हे त्यांना माहीत नव्हतं. देवळाच्या शिखरावर कबुतरं बसतात, हेही नव्हतं. पोस्टमनला त्यांनी लांबूनच नावाने हाक मारली, तर तो सायकल टाकून उभाच राहिला.

पण दिवाळीत संध्याकाळी सप्तर्षी नसतात. तेव्हा ते उत्तरेच्या क्षितिजाखाली गेलेले असतात. आणि बुवा तर रोज थोडे थोडे पलंगाला चिकटत चालले होते. काकू संध्याकाळी चष्मा घालून माळवदावर येत, रिकाम्या उत्तरेकडे बघत, आणि खाली जाऊन उंबऱ्यातून तेच सांगत. आवाज बसला होता.

मी म्हटलं, "पहाटे उगवतात. ईशान्येला. थंडी वाढली की पहाटे वर येतील."

मार्गशीर्षात एके दिवशी पहाटे, देवळात चौघडा वाजायला लागल्यावर, मी काकूंचं दार वाजवलं. त्या जाग्याच होत्या. न्हाऊन लुगडं नेसलेल्या. आम्ही जिना चढलो. हवेत बाभळीच्या धुराचा वास होता. सप्तर्षी उभे राहिले होते, शेपटी खाली, आणि दुसरा तारा बालाघाटाच्या कडेच्या वर स्वच्छ दिसत होता.

काकूंनी चष्मा लावला. मी मागे उभी राहिले. मी बोट लावलं नाही, ते त्यांचं होतं. नुसतं विचारलं, "दिसायली का?"

चौघडा थांबला. मग त्या म्हणाल्या, "एवढीशी?"

"एवढीशीच."

"खरंच आहे तर." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे त्या पोरी खरं बोलत होत्या की गं."

पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. मला तेव्हा काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना ताऱ्याच्या उजेडाचं सांगितलं. की तारा इतका लांब आहे की त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशीएक वर्षं लागतात. आता तुम्ही बघता तो उजेड तिकडून तेव्हा निघालेला आहे.

काकूंनी हिशोब केला. "ऐंशी? मी तर अजून साठीला टेकले न्हाई."

"हो."

"म्हणजे ही माझ्या जन्माच्या आधीची."

"हो, काकू."

"मग हिला माहीतच न्हाई," त्या म्हणाल्या, "मी खोटं बोललेलं."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला, आणि उजाडून तारा पुसला जाईपर्यंत बघत राहिल्या.

त्या दिवशी दिवेलागणीला उंबऱ्यात कुणी आलं नाही. त्यानंतरही नाही. बुवांचा ताप संक्रांतीच्या आत उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मलाही तसंच वाटतं. फाल्गुनात ते काठी टेकत देवळापर्यंत जाऊन आले आणि परत आल्यावर काकूंच्या चष्म्याची थट्टा केली. लग्नसराईत काकू नवरीमुलींना पूर्वीसारख्याच अंगणात न्यायच्या. फक्त आता "खरं सांग" म्हणायच्या नाहीत. दिसली म्हटलं की, "बरं" म्हणून गाल कुरवाळायच्या.

ज्येष्ठातली गोष्ट. पाऊस अजून आला नव्हता. मी खिडकीशी वह्या तपासत होते. दिवेलागण झाली होती, आणि मला उंबऱ्यातून काकूंचा आवाज आला. गल्लीत कुणी नव्हतं. मी मुद्दाम वाकून बघितलं.

"हो हो, आले," त्या म्हणत होत्या. सहज, शेजारणीने हाक मारल्यावर म्हणतो तसं. "ह्यांचं पान वाढते आणि आले."

सकाळी बुवांनी भिंतीवरून हाक मारली. काकू झोपेतच गेल्या होत्या. चष्मा घडी घालून उशाशी ठेवला होता, त्याखाली रुमाल. डॉक्टर म्हणाले, हृदय. बुवा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तिला पत्ता सापडला बाई." ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.

मी या सगळ्याला काही नाव देत नाही. जे घडलं ते लिहिते, आणि आता राहिलेली एक गोष्ट लिहिते.

पुढच्या वैशाखात समोरच्या घरातल्या मुलीचं लग्न झालं. माकणीची मंडळी होती. बुवांनी सवयीने भर दुपारी हात वर केला, "दिसली म्हण." मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी संध्याकाळपर्यंत थांबले. अंधार पडल्यावर मुलीला अंगणात नेलं. माझ्या दोन्ही हातांत ओवाळणीचं ताट होतं, निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून मी ते छातीशी धरलं होतं. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. अंगणात आम्ही दोघीच.

"आधी मोठा बघ," मी म्हटलं. "आता त्याच्या खांद्याला."

तिने मान वर केली. बरीच वर, कुणी उचलावी तशी.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं बोट किती गार आहे."

माझे दोन्ही हात ताटालाच होते. ज्योत हलली नाही. मी जागची सरकले नाही. फक्त विचारलं, "दिसायली का?"

"दिसली," ती म्हणाली.

खरं सांग, असं तिला कुणी म्हणालं नाही. तिची मान हळूहळू खाली आली, आणि तिने गालावर हात ठेवला, जिथे कुणीतरी नुकतंच कुरवाळलं असावं.